एक बाजू मुकी झाली तर

माळ्यावरचा जुना स्टिरिओ अॅम्प्लिफायर खाली काढावा, पुसून-पासून टेबलावर ठेवावा, रेकॉर्ड लावावी, आणि उजवीकडून गाणं येत असताना डावा स्पीकर ढिम्म. अशा वेळी घरातून हमखास दोन सल्ले येतात. पहिला, "भंगारात दे आता." दुसरा, "एक टपली मारून बघ." दुसरा सल्ला वाटतो तेवढा अडाणी नाही; त्याच्याकडे पुढे येऊच.

एक चॅनेल गेलेला अॅम्प्लिफायर हा पूर्ण बंद पडलेल्या अॅम्प्लिफायरपेक्षा खूपच सोपा रोगी असतो. साधा मोनो रेडिओ बिघडला की कुठल्या बिंदूवर किती व्होल्टेज असायला हवं हे कळायला सर्किट डायग्राम शोधत बसावं लागतं. स्टिरिओमध्ये मात्र तेच सर्किट शेजारी शेजारी दोनदा बांधलेलं असतं, जुळ्या भावंडांसारखं. उजवा चॅनेल धडधाकट असेल तर डाव्याची उत्तरपत्रिका त्याच पेटीत पडलेली आहे. शिवाय एक बाजू नीट वाजते आहे, याचा अर्थ दोघांना सामाईक असलेली मेन वायर, ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, मोठे फिल्टर कंडेन्सर ही मंडळी बहुतेक निर्दोष आहेत. झाकण उघडण्याआधीच संशयितांची यादी निम्मी झाली.

मी बोलतोय ते साधारण १९७० ते १९८५ या काळातल्या ट्रान्झिस्टरवाल्या अॅम्प्लिफायरांबद्दल. सान्सुई, पायोनियर, मरांट्झ असोत किंवा आपल्याकडचे सोनोडाइन आणि कॉस्मिक. व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर या लेखात धरलेले नाहीत. त्यांच्या आत तीनशे-चारशे व्होल्ट डीसी असतो आणि स्विच बंद केल्यावरही तो कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतो. ते काम अनुभवी माणसाच्या शेजारी बसूनच शिकावं.

चोरबाजारातून किंवा परदेशातून आलेल्या सेटबद्दल एक इशारा आधीच देतो. जपानच्या घरगुती बाजारातला सेट १०० व्होल्टवर चालतो, अमेरिकेतला १२० व्होल्टवर. मागच्या पाटीवर काय लिहिलंय ते वाचा, व्होल्टेज सिलेक्टर असेल तर तो कुठे आहे ते बघा, आणि मगच २३० व्होल्टच्या आपल्या बोर्डाला हात लावा. नाहीतर एका बाजूचा बिघाड शोधायला बसाल आणि दोन्ही बाजू घालवून उठाल.

झाकण न उघडता

पहिली अर्धी तपासणी अदलाबदलीची आहे आणि तिला काहीही हत्यार लागत नाही. मात्र प्रत्येक अदलाबदल सेट बंद करूनच करायची. चालू सेटच्या स्पीकरच्या दोन वायरी क्षणभर जरी एकमेकींना चिकटल्या तरी आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

आधी अॅम्प्लिफायरच्या मागे डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या वायरी आपसांत बदला. आता उजवा स्पीकर गप्प झाला आणि डावा बोलू लागला, तर स्पीकर आणि वायर निर्दोष, दोष त्याच्या अलीकडे. डावाच गप्प राहिला तर अॅम्प्लिफायरला नावं ठेवू नका. स्पीकरची कॉइल, क्रॉसओव्हर किंवा वायर बघा.

वायरी पुन्हा जागेवर आणा आणि आता इनपुटकडच्या लाल-पांढऱ्या पिना बदला. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर तो येतोय प्लेअरकडून किंवा केबलमधून. जागचा हलला नाही, तर तो अॅम्प्लिफायरचाच. फक्त रेकॉर्ड लावल्यावर एक बाजू जात असेल आणि रेडिओ किंवा मोबाइल दोन्हीकडे नीट वाजत असेल, तर टर्नटेबलच्या हेडशेलमध्ये डोकवा. कार्ट्रिजच्या मागे चार बारीक वायरी असतात: पांढरी आणि निळी डाव्या चॅनेलची, लाल आणि हिरवी उजव्याची. त्यांच्या इवल्याशा टोप्या सैल होतात किंवा हिरव्या पडतात. चिमट्याने काढून पुन्हा घट्ट बसवल्या की पुष्कळदा काम तिथेच संपतं.

समजा दोष अॅम्प्लिफायरमध्येच आहे असं ठरलं. तरीही स्क्रू-ड्रायव्हर उचलू नका. पुढच्या पॅनेलवरचं प्रत्येक बटण आणि प्रत्येक नॉब हळूहळू हलवा: बॅलन्स, मोनो-स्टिरिओ, स्पीकर ए-बी, लाउडनेस आणि विशेष करून टेप मॉनिटर. टेप मॉनिटरचं बटण दाबलेलं राहिलं की अॅम्प्लिफायर जोडलेल्या-न जोडलेल्या टेपरेकॉर्डरकडून आवाजाची वाट बघत बसतो. बटण बाहेर असूनही आतले संपर्क काळवंडले असतील तर एकच चॅनेल अडतो. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. मामांच्या सेटची डावी बाजू गेली तेव्हा मी नवा नवा शहाणा झालो होतो. बोर्ड बाहेर काढला, अकरा कंडेन्सर बदलले, दोन रविवार घालवले आणि डावी बाजू होती तशीच मुकी. तिसऱ्या रविवारी मामी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "ते बटण पूर्वी दोन-तीनदा दाबावं लागायचं." दाबलं. वाजलं. मामा काही बोलले नाहीत, पण ते अकरा जुने कंडेन्सर त्यांनी एका काचेच्या बाटलीत भरून शोकेसमध्ये ठेवले.

काही अॅम्प्लिफायरांच्या मागे 'प्री आउट' आणि 'मेन इन' अशा जोड्या असतात, यू आकाराच्या धातूच्या पट्टीने जोडलेल्या. तुमच्या सेटला त्या असतील तर नशीबवान आहात. बऱ्याचदा त्या पट्ट्याच गंजलेल्या असतात, म्हणून आधी त्या काढून पुसा. मग सेट बंद ठेवून दोन केबलांनी डावा प्री उजव्या मेनला आणि उजवा प्री डाव्या मेनला जोडा. दोष सरकला तर तो प्रीअॅम्पच्या भागात. जागेवर राहिला तर पॉवर अॅम्पच्या भागात. शंभरेक पार्ट्सच्या गर्दीतून पन्नास एका फटक्यात मोकळे.

दोष कसा बोलतो ते ऐका

बाजू गेली म्हणजे नेमकं काय झालं, हे कान लावून ऐकायला हवं. नॉब फिरवताना खरखर होऊन बाजू येते-जाते, तर व्हॉल्यूम किंवा बॅलन्सच्या नॉबमागचा पॉट मळलाय. एका बाजूला घूंऽऽ असा सलग आवाज आणि गाणं पुसट, तर त्या बाजूच्या केबलची जाळी म्हणजे अर्थ तुटलेला असण्याची शक्यता जास्त. फिल्टर कंडेन्सर गेला असता तर दोन्ही बाजू घुमल्या असत्या. पावसात पत्र्यावर थेंब पडल्यासारखी टपटप, चुरचुर व्हॉल्यूम शून्यावर असतानाही येत असेल, तर एखादा छोटा ट्रान्झिस्टर आतून सडतोय. जपानी सेटमधला २एससी४५८ या कामासाठी बदनाम आहे. त्याच्या पायांवरचा चांदीचा मुलामा काळा पडतो आणि कुरकुर सुरू होते.

आणि एक लक्षण असं की जे एकदा ओळखलं की आयुष्यभर विसरत नाही. आवाज कमी ठेवला तर डावी बाजू गायब किंवा फाटकी. व्हॉल्यूम जरा जोरात फिरवला की खट्कन जागी होते आणि मग मंद केला तरी नीट वाजत राहते. हा स्पीकर रिलेचा दोष. सेट चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी जो 'टक्' असा आवाज येतो तो याच रिलेचा. त्याच्या संपर्कांवर काजळी धरते. कमी व्होल्टेज ती भेदू शकत नाही, जास्त व्होल्टेज भेदून जातं. टपली मारल्यावर सेट का चालू होतो, त्याचंही कारण हेच: रिले, स्विच किंवा सुटलेला सोल्डरचा डाग क्षणभर जुळतो. म्हणून टपलीने बाजू आली तर आनंद मानून सोडून देऊ नका. कुठल्या कोपऱ्यात मारल्यावर आली ते लक्षात ठेवा.

याच रिलेवरून आणखी एक अंदाज बांधता येतो. बऱ्याच सेटांत दोन्ही चॅनेलना मिळून एकच रिले असतो. एका बाजूच्या आउटपुटला डीसी आला की संरक्षण सर्किट रिले बसूच देत नाही आणि दोन्ही बाजू मुक्या होतात. त्यामुळे अशा सेटमध्ये 'टक्' होतंय आणि एक बाजू छान वाजतेय, तर दुसरीचा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असण्याची शक्यता कमी. ज्या सेटांत रिले नसून प्रत्येक चॅनेलला वेगळा फ्यूज असतो, तिथे मात्र उलट: एक बाजू पूर्ण मृत म्हणजे पहिला संशय फ्यूजवर. फ्यूज डोळ्यांनी तपासू नका, होल्डरमधून काढून मीटरने तपासा. गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळलेले फ्यूज मी जुन्या सेटांत कितीतरी वेळा पाहिलेत. असा सेट मिळाला तर समजा की मागच्या मेकॅनिकने आणखीही बरंच काही केलेलं आहे.

आता झाकण

प्लग भिंतीतून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. मोठ्या फिल्टर कंडेन्सरांवर तीस-चाळीस व्होल्ट उरलेले असू शकतात. एक किलोओहम, पाच वॅटचा रेझिस्टर, पाय नळीने झाकलेला, प्रत्येक कंडेन्सरच्या टोकांना मिनिटभर लावून धरा आणि मीटरने व्होल्टेज उतरल्याची खात्री करा. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करण्याची मर्दुमकी नको.

मग पाच मिनिटं काहीही न करता फक्त बघा. मोबाइलवर चहूबाजूंनी फोटो काढा. कोकणात किंवा मुंबईत राहिलेल्या सेटमध्ये खारी हवा स्विचच्या पत्र्यांवर हिरवट गंज आणते. झुरळांची विष्ठा दोन ट्रॅकमध्ये गळती घडवते. उंदराने एकच वायर कुरतडलेली असते आणि ती नेमकी डाव्या चॅनेलची. काळा पडलेला रेझिस्टर, फुगलेला कंडेन्सर, बोर्डाखाली भाजल्याचा तपकिरी डाग, हे सगळं शेजारच्या निरोगी चॅनेलशी ताडून बघा. तिकडेही तसाच तपकिरी डाग असेल तर तो पार्ट मुळातच गरम चालतो. एकाच बाजूला असेल तर तिथे बोट ठेवा.

स्वच्छता पहिली. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या. गंज सोडवायचा हार्डवेअरचा स्प्रे नको आणि पेट्रोल तर मुळीच नको. पॉटच्या पोटात जिथे फट असते तिथे नळीने एक छोटी फुस्स मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. पुश बटणं तितक्याच वेळा दाबा. रिलेचं पारदर्शक टोपण निघत असेल तर कोऱ्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून संपर्कांमध्ये धरा, वरून हलका दाब द्या आणि ओढा. पट्टीवर काळी रेघ उमटेल. पॉलिशपेपर घासू नका, वरचा पातळ मुलामा निघून जातो आणि चार महिन्यांत पुन्हा तेच. रिले तसा स्वस्त असतो. त्याच कॉइल व्होल्टेजचा आणि तितक्याच अँपिअरचा नवा बसवणं उत्तम. स्प्रे उडून जायला अर्धा तास द्या, मगच प्लग लावा.

माझ्या हातून गेलेल्या सेटांपैकी बहुतेकांचं दुखणं इथेच संपलं आहे. ज्यांचं संपत नाही त्यांच्यासाठी पुढचं.

चालू सेटमध्ये मोजमाप करायचं तर काही पथ्यं आहेत. एक हात खिशात. पायात रबरी चप्पल. मीटरची काळी पिन क्लिपने चासिसला लावून टाकायची आणि फक्त लाल पिन हातात. लाल पिनच्या टोकाला सोडून बाकी भागावर नळी चढवा, कारण पिन घसरून दोन पाय जोडले गेले तर चांगला चॅनेलही जाईल. हीटसिंकवरचे टोपीसारखे धातूचे ट्रान्झिस्टर, म्हणजे २एन३०५५ आणि त्याची जातकुळी, यांचं अंगच कलेक्टर असतं. त्यावर पूर्ण सप्लाय असू शकतो.

स्पीकर काढून ठेवा. मीटर डीसी मिलीव्होल्टवर ठेवून स्पीकर टर्मिनलवर मोजा. आधी चांगली बाजू, मग आजारी. पन्नास मिलीव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त. शंभराच्या वर असेल तर कारण शोधायला हवं. काही व्होल्ट दिसले तर त्या बाजूला स्पीकर जोडायचाच नाही, कॉइल जळेल. जुन्या, एकाच सप्लायवर चालणाऱ्या सेटांत स्पीकरच्या वाटेवर एक मोठा कंडेन्सर असतो, त्यामुळे टर्मिनलवर डीसी दिसत नाही. तिथे कंडेन्सरच्या आतल्या टोकाला मोजा. सप्लायच्या साधारण निम्मं व्होल्टेज हवं. हाच कंडेन्सर सुकला की त्या बाजूचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा होतो, तबल्याचा डग्गा हरवतो.

यानंतर जुळ्यांची तुलना. चांगल्या चॅनेलमधल्या प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या तीन पायांवरचं व्होल्टेज कागदावर लिहा, शेजारी आजारी चॅनेलचं. पाच-दहा टक्क्यांचा फरक सोडून द्या. सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमध्ये ०.६ व्होल्टच्या आसपास फरक असतो. एखाद्या जागी तो शून्य किंवा दोन व्होल्ट दिसला तर चोर तिथेच आहे किंवा त्याच्या शेजारी. मात्र पॉवर अॅम्पमध्ये फीडबॅक असल्यामुळे एक पार्ट बिघडला की सगळ्यांची व्होल्टेजं हलतात, म्हणून पहिला वेगळा आकडा दिसताच सोल्डरिंग आयर्न उचलू नका. सेट बंद करून, कंडेन्सर रिकामे करून, त्याच बिंदूंचं ओहममध्ये मोजमाप दोन्ही बाजूंना घ्या. दोन्ही तक्ते एकाच पार्टकडे बोट दाखवतील तेव्हा तो पार्ट काढा.

व्होल्टेजं जुळताहेत आणि तरी आवाज नाही, तर सिग्नल वाटेत कुठेतरी हरवतोय. मोबाइलवर ४०० हर्ट्झचा टोन वाजवून ऑक्समध्ये द्या, व्हॉल्यूम कमी ठेवा, आणि मीटरच्या लाल पिनला ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडून एसी मिलीव्होल्ट मोजत इनपुटकडून आउटपुटकडे चला, पुन्हा दोन्ही बाजू जोडीने. ज्या पार्टच्या अलीकडे सिग्नल आहे आणि पलीकडे नाही, तो सापडला. पुष्कळदा तो असतो एक ते दहा मायक्रोफॅरडचा सुकलेला कपलिंग कंडेन्सर. स्वस्तातल्या पिवळ्या मीटरवर एसीची सर्वांत खालची रेंज दोनशे व्होल्टची असते, त्यावर हे दिसणार नाही. जरा बरा मीटर लागतो. टोन ऐकून डोकं उठत असेल तर मोनो रेकॉर्डिंग लावा. साठ वर्षांपूर्वीची नाट्यपदं आणि बहुतेक जुनी फिल्मी गाणी मोनोच आहेत, दोन्ही बाजूंना हुबेहूब तेच यायला हवं. स्टिरिओ गाण्यावर चॅनेल तपासायला बसलात तर सतार उजवीकडेच ठेवलेली आहे की डावी बाजू आजारी आहे, हे कळणार नाही.

टपलीचं शास्त्रोक्त रूपही वापरा. बांबूची सुकी काडी घेऊन चालू सेटमध्ये एकेक पार्ट हलकेच ढोसा. जड आणि गरम पार्ट्सच्या पायांशी सोल्डरला गोल चीर पडते, ज्याला मेकॅनिक ड्राय सोल्डर म्हणतात. काडी लागताच बाजू आली किंवा गेली की तो डाग नव्याने द्या.

आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेला असेल तर

मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून कलेक्टर-एमिटर मोजा. दोन्ही दिशांना शून्य, म्हणजे शॉर्ट. हा पार्ट एकटा जात नाही. जाताना ड्रायव्हर ट्रान्झिस्टर, एमिटरचे ०.२२ ते ०.४७ ओहमचे रेझिस्टर आणि कधीकधी बायसचा ट्रान्झिस्टरही घेऊन जातो. नुसता आउटपुट बदलून सेट लावला तर नवा पार्ट क्षणात जुन्याच्या वाटेने जातो. सगळे तपासा, अभ्रकाची चकती फाटली नाही ना बघा, नवी पेस्ट लावा आणि ट्रान्झिस्टरचं अंग व हीटसिंक यांत शॉर्ट नाही याची मीटरने खात्री करा.

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास हे पार्ट मिळतात, पण ओळखीच्या दुकानातून घ्या. नवा छाप मारलेला नकली माल भरपूर आहे. पर्यायी नंबर बसवताना पायांचा क्रम तपासा. जपानी छोट्या ट्रान्झिस्टरांचे पाय बहुधा एमिटर, कलेक्टर, बेस असे असतात आणि आपला नेहमीचा बीसी५४७ कलेक्टर, बेस, एमिटर असा. आंधळेपणाने बसवला तर दोष दुपटीने वाढतो. सुट्या आउटपुट ट्रान्झिस्टरांऐवजी एसटीके मॉड्यूल वापरणारा सेट असेल आणि मॉड्यूलच गेलं असेल, तर माझा सल्ला थांबण्याचा. खरं मॉड्यूल मिळणं आता मुश्कील आहे आणि नकली महिनाभर टिकलं तरी नवल.

पहिल्यांदा सेट लावताना सिरीज बोर्ड हवाच. मेनच्या वाटेत साठ किंवा शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब; एलईडी चालत नाही. स्पीकर काढलेले. बल्ब क्षणभर लखलखून मंद झाला तर ठीक. लखलखतच राहिला तर ताबडतोब बंद करा, अजून शॉर्ट आहे. बल्ब मंदावल्यावर आउटपुटचा डीसी पुन्हा मोजा, मग बल्ब काढून थेट मेनवर. पंधरा-वीस मिनिटं तापू द्या आणि एमिटर रेझिस्टरवरचे मिलीव्होल्ट बघून बायस, म्हणजे गाणं नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट, लावा. ०.३३ ओहमवर दहा मिलीव्होल्ट म्हणजे तीस मिलीअँपिअर. सर्व्हिस मॅन्युअल नसेल तर चांगल्या बाजूचा आकडा वाचा आणि दुसरी बाजू तिथे आणा. प्रिसेट केसभर फिरवायचा, कारण जुन्या प्रिसेटचा संपर्क सुटला तर करंट एकदम उसळू शकतो.

आता स्पीकर जोडा, पण पहिल्या रात्री जिवाभावाचे नकोत. एखादी जुनी जोडी चालेल. तासभर मंद आवाजात वाजवा, दर दहा मिनिटांनी दोन्ही हीटसिंकना हात लावा, दोन्ही सारखेच कोमट लागायला हवेत. सगळं ठीक असेल तर दोन्ही बाजूंचा डीसी आणि बायस एका चिठ्ठीवर लिहा, खाली तारीख घाला, काय काय बदललं ते लिहा आणि चिठ्ठी झाकणाच्या आतल्या बाजूला, हीटसिंकपासून लांब चिकटवा. मामांच्या सेटमध्ये माझी अशी चिठ्ठी आहे. तिच्यावर पहिली ओळ आहे: "टेप मॉनिटर आधी दाबून बघणे."